चोवीस कोअर सोडून मी आठ का घेतले

नागपूरहून निघालेले विमान मुंबईजवळ येऊन उतरू लागले, की माझ्या संगणकाच्या पडद्यावरचे चित्र अडखळू लागे. विदर्भ आणि मराठवाड्यावरून जाताना सेकंदाला साठच्या आसपास असणारा फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांचा, वेग ठाण्याची खाडी दिसू लागताच चाळिशीवर येई, घाटकोपर-कुर्ल्याची दाट वस्ती खाली आली की तिशीला टेके, आणि धावपट्टी नेमकी समोर असताना, म्हणजे हात सर्वांत हलका ठेवायचा असतो त्याच क्षणी, विमान धक्के खात पुढे सरके. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० सालची आवृत्ती मी गेली काही वर्षे रात्रीच्या जेवणानंतर खेळतो. संगणक एएमडी कंपनीच्या रायझन ५ ३६०० या सहा कोअरच्या, म्हणजे हिशेब करणारे सहा स्वतंत्र विभाग असलेल्या, प्रोसेसरवर २०१९ साली जुळवला होता आणि त्यात मागाहून आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड बसवले होते. कार्डावर एवढा खर्च करूनही मुंबईवरचा अडखळा जसाच्या तसा राहिला, तेव्हा दोष भलत्याच ठिकाणी शोधला गेला हे माझ्या ध्यानात आले.

दोष कोठे आहे हे पाहण्याची सोय त्या खेळातच आहे, पण मी ती कधी वापरली नव्हती. डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा तक्ता उघडला की चित्र कोणामुळे खोळंबले आहे हे तेथे लिहिलेले दिसते. माझ्या पडद्यावर मुंबईवर असताना ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असे लाल अक्षरांत येत होते. याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड हात जोडून बसले होते आणि प्रोसेसरकडून पुढचे काम येण्याची वाट पाहत होते. ज्या खेळांत अशी सोय नाही तेथे दुसरी एक साधी परीक्षा करता येते. माझा मॉनिटर २५६० गुणिले १४४० चा आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे ३६ लाख ८६ हजार बिंदू रंगवावे लागतात. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वर आणले तर हेच काम २० लाख ७३ हजार बिंदूंवर येते. काम इतके हलके करूनही फ्रेमचा वेग वाढला नाही, तर अडचण रंगवणाऱ्याची नसून त्याला काय रंगवायचे हे सांगणाऱ्याची आहे. नवा प्रोसेसर घ्यावा की नाही या प्रश्नाचे अर्धे उत्तर या पाच मिनिटांच्या प्रयोगातून मिळते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ज्यांचा वेग या प्रयोगात झटकन वाढतो त्यांनी पुढचे वाचण्याऐवजी ग्राफिक्स कार्डाचे पाहावे.

प्रोसेसर बदलायचा हे ठरल्यावर मी सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माझे सारे ऐकून घेतले आणि एकच वाक्य उच्चारले, “साहेब, खेळायचंच आहे ना, मग आय९ घ्या, चोवीस कोअर आहेत.” त्याच्या म्हणण्यात लबाडी नव्हती. माझ्याही मनात तेच होते, कारण सहाच्या जागी चोवीस म्हणजे चौपट हे गणित कोणालाही पटण्यासारखे आहे. प्रत्यक्षात इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरमधील चोवीसपैकी आठच कोअर मोठ्या ताकदीचे आहेत आणि उरलेले सोळा कमी विजेवर चालणारे, हलक्या कामासाठीचे आहेत. पण ही गोष्ट बाजूला ठेवली तरी मूळ गणितच खेळांच्या बाबतीत चुकते. विमानाची स्थिती, वाऱ्याचा दाब, खालच्या इमारती, इतर विमाने आणि कॅमेऱ्याची दिशा या साऱ्यांचा हिशेब एका ठरावीक क्रमाने लागतो. आधीचे उत्तर आल्याशिवाय पुढचे गणित मांडता येत नाही. हा क्रम ज्या एका धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर ओळीने होणाऱ्या कामांच्या मालिकेत, चालतो तोच तो मेनथ्रेड. संगणकतज्ज्ञ जीन आमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम सांगतो, की एखाद्या कामाचा निम्मा भाग वाटून देता येण्याजोगा नसेल, तर उरलेल्या निम्म्यासाठी कितीही हात लावले तरी सगळे काम दुपटीहून अधिक वेगाने होणार नाही. आजचे बहुतेक खेळ सहा ते आठ कोअरचा चांगला उपयोग करतात. त्यापुढचे कोअर बव्हंशी बसून राहतात. सिटीज स्कायलाइन्स २ सारखा एखादा खेळ शहर वाढले की अनेक कोअरना कामाला लावतो, पण तो अपवाद आहे.

मग एकाच धाग्याचा वेग वाढवायचा तर गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती अब्ज ठोके देतो तो आकडा, पाहावेत, असे पुढे वाटते. मलाही तसेच वाटले, आणि येथेच मला सर्वांत मोठे आश्चर्य भेटले. रायझन ७ ७७००एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याच पिढीतला, तेवढ्याच कोअरचा ७८००एक्स३डी ५.० गिगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. तरीही बहुसंख्य खेळांत दुसरा पहिल्याला मागे टाकतो, काहींत तर फारच मागे. दोघांतला खरा फरक एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेल्या छोट्या, जलद स्मृतीचा आहे. पहिल्यात ती ३२ एमबी आहे आणि दुसऱ्यात ९६.

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे कॅश हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच वस्तू येते. पण गंमत अशी, की दोन्ही कॅशचे वागणे सारखेच असते. रोखपालाच्या काउंटरवरच्या ड्रॉवरमध्ये जेवढ्या नोटा आहेत तोवर रांग सरसर पुढे सरकते. ड्रॉवर रिकामा झाला की स्ट्राँगरूम उघडावी लागते. त्यासाठी दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि त्यातला एक नेमका जेवायला गेलेला असतो. रोखपालाचे हात कितीही चपळ असले तरी त्या वेळात ते रिकामेच राहतात. प्रोसेसरचे तसेच आहे. पाच गिगाहर्ट्झवर त्याचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. हवी ती माहिती एल३ कॅशमध्ये सापडली तर दहा नॅनोसेकंदांच्या आसपास हाती येते. तेथे नसेल आणि रॅमपर्यंत, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या मुख्य स्मृतीपर्यंत, जावे लागले तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात, म्हणजे साडेतीनशे ते चारशे ठोके वाया. खेळात प्रत्येक फ्रेमला हजारो वस्तूंची माहिती स्मृतीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा करावी लागते आणि ती पुढे कोठून लागेल याचा आधी अंदाज बांधता येत नाही. व्हिडिओचे रूपांतर करताना माहिती ओळीने येत असल्याने ती आधीच आणून ठेवता येते, म्हणून तेथे मोठ्या कॅशचा फायदा फारसा दिसत नाही. खेळात मात्र ड्रॉवर मोठा असणे हे हात चपळ असण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

ही कॅश वाढवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कॅशच्या प्रत्येक बिटसाठी साधारणपणे सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्यामुळे ती पसरवत गेले तर चिप अवाढव्य आणि महाग होते. एएमडीने यावर मजला चढवण्याचा उपाय काढला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये मूळच्या ३२ एमबी कॅशवर ६४ एमबीचा वेगळा तुकडा तांब्याच्या सूक्ष्म जोडण्यांनी थेट चिकटवला होता. एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आला. पहिल्या दोन पिढ्यांत हा तुकडा कोअरच्या वरच्या बाजूला होता, त्यामुळे कोअरची उष्णता बाहेर पडायला एक थर आडवा येई आणि वेग थोडा आखडता ठेवावा लागे. ९८००एक्स३डीमध्ये तो कोअरच्या खाली गेला आणि वेगाची मर्यादा ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत वर सरकली.

इतके समजल्यावर दुकानदाराच्या आय९कडे मी नव्या नजरेने पाहिले. १४९००के हा वेगवान प्रोसेसर आहे यात शंका नाही. तो ६ गिगाहर्ट्झला स्पर्श करतो. पण पूर्ण भाराखाली त्याची विजेची अधिकृत मर्यादा २५३ वॉट आहे. खेळताना तो एवढी वीज घेत नाही, तरी ७८००एक्स३डीच्या दुपटीहून अधिक घेतोच. शिवाय इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिरता येत असल्याचे २०२४ साली स्पष्ट झाले. कंपनीने ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली असली तरी ज्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेवर, पुढची पिढी येणार नव्हती तेथे नव्याने पैसे गुंतवणे मला पटले नाही. एएमडीची पाटीही अगदी कोरी नाही, हे येथेच सांगून टाकतो. ७८००एक्स३डी बाजारात आल्यावर काही मदरबोर्डांवर जादा व्होल्टेजने प्रोसेसर आणि सॉकेट जळाल्याचे प्रकार घडले आणि प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे नवे बायोस, म्हणजे मदरबोर्ड चालू करणारी आज्ञावली, द्यावे लागले. त्यामुळे जुना साठा पडून असलेला मदरबोर्ड घेणाऱ्याने खेळ सुरू करण्याआधी बायोस अद्ययावत करावे.

इंटेलची ऑक्टोबर २०२४ मधली कोअर अल्ट्रा मालिका मी फार वेळ विचारात घेतली नाही. तिने विजेची भूक कमी केली, पण खेळांत ती बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच आधीच्या पिढीच्या मागे राहिली. सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स३डी मात्र दोन दिवस मनात घोळत होता. त्यात आठ-आठ कोअरचे दोन गट असतात आणि जादा कॅश एकाच गटाला असते. खेळ त्या गटावरच चालावा यासाठी विंडोज, चिपसेट ड्रायव्हर आणि गेम बार या तीन आज्ञावलींना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. ज्याला दिवसा व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय रेखाटन करून पोट भरायचे आहे आणि रात्री खेळायचेही आहे, त्याच्यासाठी तो योग्यच आहे. मी दिवसा नोटा मोजतो.

सर्वांत जास्त छळले ते एका स्वस्त पर्यायाने. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी हा प्रोसेसर माझ्या जुन्या, एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवर केवळ बायोस बदलून बसला असता. त्याची अमेरिकेतील जाहीर किंमत २४९ डॉलर होती, कॅश तीच ९६ एमबी, आणि नवी रॅम, नवा मदरबोर्ड यांपैकी काहीही घ्यावे लागले नसते. ज्यांच्याकडे चांगला एएम४ मदरबोर्ड आणि ३२०० किंवा ३६०० वेगाची रॅम आहे, त्यांनी असा प्रोसेसर नीट वॉरंटीसह मिळत असेल तर दुसरे काही पाहू नये, असे माझे आजही मत आहे. मी तो घेतला नाही याचे कारण तांत्रिक नव्हते. मुलीला महाविद्यालयाच्या कामासाठी संगणक हवा होता, म्हणजे घरात दुसरा संगणक येणारच होता, आणि जुना पूर्ण संच तिला देऊन माझ्यासाठी नवा जुळवणे हे घरच्या हिशेबात बसत होते. हा हिशेब मांडून दाखवताना पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून तिला सारे कळले होते हे उघड आहे.

शेवटी ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी एवढे दोनच उरले. जाहीर किमती अनुक्रमे ४४९ आणि ४७९ डॉलर होत्या, पण आपल्याकडे दुकानात येईपर्यंत त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकांची साखळी चढते, आणि नवीन मालाची ओढ असल्याने प्रत्यक्षातला फरक त्याहून बराच मोठा होता. नवा जुन्याहून खेळांत सरासरी ८ टक्क्यांनी वेगवान असल्याचा दावा खुद्द एएमडीने केला होता. येथे परीक्षणांतले आलेख कसे वाचावेत हा प्रश्न येतो. ही परीक्षणे बहुधा १०८० रिझोल्यूशनवर आणि बाजारातले सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावून केलेली असतात. त्यावर अनेक जण चिडून विचारतात, की एवढे कार्ड घेऊन १०८० वर कोण खेळणार. खेळावे असा त्यामागे हेतूच नसतो. कार्डावरचा भार काढून घेतल्याशिवाय प्रोसेसरमधला फरक उघडा पडत नाही, म्हणून तसे करतात. पण त्याच कारणाने तो फरक जसाच्या तसा आपल्या घरी येत नाही. ८२ लाख ९४ हजार बिंदूंच्या ४के पडद्यावर तर बहुतेक खेळांत चांगले-चांगले प्रोसेसर एका रांगेत येऊन उभे राहतात. माझ्या कार्डावर आणि माझ्या पडद्यावर त्या आठातले किती टक्के हाती लागतील, याचा अंदाज बांधल्यावर मी ७८००एक्स३डीकडे वळलो. आलेखात सरासरीच्या शेजारी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग दाखवणारी ‘एक टक्का लो’ नावाची छोटी पट्टी असते, तिच्याकडे मात्र सरासरीइतकेच लक्ष द्यावे. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद, सरासरी साठ असूनही मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेत असेल तर डोळ्याला तो धक्का जाणवतोच, आणि मोठ्या कॅशचा खरा गुण याच धक्क्यांना आवर घालण्यात दिसतो.

निर्णयात नागपूरच्या उन्हाळ्याचाही वाटा होता. खरेदी मे महिन्यातली. बाहेर पारा पंचेचाळीसला पोहोचलेला. या बाबतीत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. प्रोसेसरचे तापमान ही एक गोष्ट आहे आणि तो खोलीत सोडतो ती उष्णता ही दुसरी. ७८००एक्स३डी वरच्या थरामुळे स्वतः लवकर तापतो आणि ८९ अंशांना त्याची मर्यादा येते, पण खेळताना तो घेतो ती वीज शंभर वॉटच्या बरीच खाली असते, आणि खोलीत उष्णता तेवढीच येते. ९८००एक्स३डी तोच भार थोड्या अधिक विजेवर पेलतो. ग्राफिक्स कार्डाचे २२० वॉट आधीच शेजारी बसलेले असताना आय९च्या रूपाने दीडशे वॉटची आणखी एक शेगडी पेटवणे मला नको होते. खोलीचे तापमान जेवढे वाढते जवळजवळ तेवढ्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढते, त्यामुळे एसीच्या खोलीत केलेल्या परीक्षणातले ७० अंश आमच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत ७० राहत नाहीत. मी दोन मनोऱ्यांचा मोठा एअर कूलर घेतला. पाण्याच्या कूलिंगची गरज या प्रोसेसरला नाही. आमच्याकडे कूलर म्हटले की लोकांना खिडकीतला वाळ्याचा कूलर आठवतो, आणि त्याच्या दमट झोतासमोर संगणक ठेवू नये हे मात्र कोणत्याही विदेशी परीक्षणात वाचायला मिळणार नाही.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हे सारे ऐकून मला फोन केला आणि “मामा, मीपण हाच घेऊ का?” असे विचारले. तो व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतो, मॉनिटर २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा, आहे आणि एकूण बजेट माझ्या निम्मेही नाही. तो खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवरच अधिक अवलंबून असतो हे खरे, पण तो इतका हलका आहे की सहा कोअरचा रायझन ५ ७६०० देखील २४० च्या पुढे सहज जातो, आणि त्याच्या खोक्यात कूलरही मिळतो. सॉकेट माझ्या नव्या संगणकासारखाच, एएम५ आहे, आणि त्यावर २०२७ पर्यंत व पुढेही प्रोसेसर येत राहतील असे एएमडीने सांगितले असल्याने पुढे कधी एक्स३डी बसवायचा झाला तर मदरबोर्ड बदलावा लागणार नाही. त्याने तोच घेतला.

जुळणी मी स्वतः केली आणि पहिल्याच बैठकीत घाबरलो. बटण दाबल्यावर पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच राहिला. दोन मिनिटांनी मी वीज बंद केली, रॅम काढून पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात बांधून बसलो तेव्हा काही मिनिटांनी बायोसचा पडदा आला. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड डीडीआर५ रॅमशी जुळवून घेण्यात बराच वेळ घालवतो, आणि मी नेमका त्याच कामाच्या मध्ये दोनदा वीज तोडली होती. दुसरी चूक आठवडाभर लक्षातच आली नाही. मी ६००० वेगाची रॅम घेतली होती, कारण या प्रोसेसरला तो वेग सर्वांत चांगला मानवतो. पण बायोसमध्ये एक्स्पो ही सोय चालू केल्याशिवाय ती रॅम त्या वेगाने धावत नाही, आणि माझी ४८०० वरच चालत होती. प्रोसेसर निवडण्यात तीन आठवडे घालवणाऱ्या माणसाने एक कळ दाबायला विसरावे, यावर भाचा अजून हसतो.

आता घाटकोपरवरून उतरताना फ्रेमचा वेग पन्नाशीच्या खाली क्वचितच जातो आणि विमान धावपट्टीवर टेकेपर्यंत हातात राहते. परवा सहज डेव्हलपर मोड पुन्हा उघडून पाहिला. ढगाळ संध्याकाळ होती, खाली सारी मुंबई दिवे लावून बसलेली, आणि तक्त्यात मेनथ्रेडच्या जागी ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असे लिहून आले होते. मी तो तक्ता बंद केला आणि चाके खाली केली.